शिकवलेला कुत्रा आणि रानातला ससा

कपाशीची शेवटची वेचणी होते, पऱ्हाट्या निघू लागतात, तुरी कापल्या जातात आणि वर्धा जिल्ह्यातले शिवार मोकळे दिसू लागते. हरभऱ्याच्या कोवळ्या शेंड्यांवर रात्री ससे येतात. याच दिवसांत काही तरुण मोटारसायकलवर कुत्रा घेऊन, हातात बॅटरी घेऊन शेताकडे निघतात. सकाळी मोबाइलवर एखादा व्हिडिओ फिरतो आणि घरात प्रश्न उभा राहतो : कुत्र्याने पकडलेला ससा हलाल की हराम? अम्मीने तो शिजवावा की नाही?

या प्रश्नाचे अर्धेच उत्तर बहुतेकांना ठाऊक असते. कोणी म्हणते, कुत्र्याचे तोंड लागले म्हणजे संपले. कोणी म्हणते, कुरआनात परवानगी आहे, मग भीती कशाची? पूर्ण उत्तरासाठी कुत्रा, ससा, शरीअतच्या अटी आणि देशाचा कायदा या चारही गोष्टी पाहाव्या लागतात.

इंग्लंडची रीत

इंटरनेटवर आपली मुले शिकारीचे जे व्हिडिओ पाहतात त्यांतले बरेचसे इंग्लंडचे असतात. तिथे व्हिपेट नावाचा सडपातळ, खोल छातीचा, कमरेला बारीक कुत्रा असतो. उंची खांद्यापाशी जेमतेम दीड फूट, पण धाव ताशी ५० किलोमीटरच्या पुढे. उत्तर इंग्लंडमधल्या कोळसा खाणींतल्या मजुरांनी तो जपला. १८९१ मध्ये तिथल्या केनेल क्लबने त्याला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. लर्चर ही मात्र जात नव्हे. ग्रेहाउंड किंवा व्हिपेटसारख्या धावणाऱ्या कुत्र्याचा मेंढपाळी कुत्र्याशी किंवा टेरिअरशी संकर केला की लर्चर होतो. एकाकडून वेग येतो, दुसऱ्याकडून समज आणि चिवटपणा.

त्यांच्या जोडीला असतो फेरेट. मुंगसासारखा लांबट दिसणारा हा प्राणी वेगळ्या कुळातला आहे. युरोपातल्या एका रानटी प्राण्याला माणसाने शेकडो वर्षांपूर्वी माणसाळवले, त्यातून तो आला. तिकडचे ससे जमिनीखाली बिळांचे जाळे करून कळपाने राहतात. शिकारी प्रत्येक बिळाच्या तोंडावर छोटी जाळी लावतो आणि एका बिळातून फेरेट आत सोडतो. घाबरलेला ससा बाहेर उसळतो आणि जाळ्यात अडकतो. जाळे चुकवून जो पळतो, त्याच्यासाठी कुत्रा. हे काम हिवाळ्यात करतात, कारण तेव्हा गवत-झुडूप कमी असते आणि बिळात पिल्लेही कमी असतात.

या कामात कुत्र्याची कसोटी वेगापेक्षा संयमात असते. कोणत्या बिळात ससा आहे हे तो वासाने ओळखतो आणि तिथे निश्चल उभा राहतो. फेरेट बाहेर आला तर त्याच्या अंगावर जात नाही. त्यासाठी पिल्लू असल्यापासून दोघांना एकमेकांची सवय लावलेली असते. जाळ्यातल्या सशाला तो शिवत नाही. पळालेला ससा पकडला तर दातांचा दाब न देता, पुष्कळदा जिवंत, मालकाच्या हातात आणून देतो. असे न करणारा कुत्रा कितीही वेगवान असला तरी तिथले जाणते शिकारी त्याला घरीच ठेवतात.

इंग्लंडमध्येही सगळे मोकळे नाही. २००४ च्या शिकार कायद्याने मोठ्या रानसशामागे कुत्रे सोडणे बंद झाले. बिळातल्या सशांना त्यातून वगळले आहे, तेही जमीनमालकाची संमती असेल तर. तिकडे ते ससे संख्येने फार आहेत आणि पिकांचे नुकसान करतात.

आपला ससा वेगळा आहे

मराठीत आपण दोन्हींना ससाच म्हणतो, म्हणून घोटाळा होतो. पिंजऱ्यात पाळले जाणारे पांढरे ससे, न्यूझीलंड व्हाइट किंवा सोव्हिएत चिंचिला यांसारख्या जातींचे, युरोपातल्या बिळात राहणाऱ्या सशाचे वंशज आहेत. त्यांची पिल्ले उघडी, आंधळी आणि असहाय जन्माला येतात.

आर्वी, कारंजा किंवा समुद्रपूरच्या रानात दिसतो तो भारतीय रानससा. त्याच्या मानेवर मागच्या बाजूला काळा डाग असतो. तो बीळ खणत नाही. गवतात, धुऱ्यावरच्या झुडपाखाली अंगाच्या आकाराची बसकण करून दिवसभर तिथेच निपचित पडून राहतो. त्याची पिल्ले अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊनच जन्मतात, कारण उघड्यावर वाढायचे असते. पाय जवळ येईपर्यंत तो हलत नाही आणि एकदा उठला की सरळ न पळता वळणे घेत पळतो.

बीळच नाही, तर फेरेट सोडणार कुठे? म्हणून आपल्याकडे ती रीत कधी रुजली नाही. त्या व्हिडिओंची नक्कल करण्यासाठी कोणी मुंगूस पकडायला जाईल, तर तोही संरक्षित प्राणी आहे हे लक्षात ठेवावे.

या सशावर रानातले कितीतरी जीव जगतात. कोल्हा, रानमांजर, गरुड, बिबट्या या सर्वांचे ते खाणे आहे. सेलू तालुक्यातले बोर अभयारण्य १९७० मध्ये जाहीर झाले आणि २०१४ मध्ये त्याला व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. जंगलात छोटी सावजे टिकली तर छोटे शिकारी प्राणी गावाकडे कमी वळतात.

कारवानी : आपल्या मातीतला धावणारा कुत्रा

व्हिपेटचा भाऊ शोभेल असा कुत्रा महाराष्ट्रात आहे. लांब निमुळते तोंड, खोल छाती, आत गेलेले पोट, उंच सडपातळ पाय. मराठवाड्यात, विशेषतः लातूरच्या बाजूला, त्याला कारवानी म्हणतात. कान-शेपटीवर लांब रेशमी केस असतील तर पश्मी. व्यापारी काफिल्यांबरोबर अरबस्तान, इराण, अफगाणिस्तानकडून आलेल्या सलुकीसारख्या कुत्र्यांशी त्याचे नाते सांगितले जाते; नावातला कारवां तेच सुचवतो. अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’तही काबूलकडून, विशेषतः हजारा भागातून येणाऱ्या उत्तम कुत्र्यांचा उल्लेख आहे.

कर्नाटकातल्या मुधोळ संस्थानचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी ही जात जोपासली आणि तिची एक जोडी इंग्लंडचे बादशहा पाचवे जॉर्ज यांना भेट दिली. तेव्हापासून ‘मुधोळ हाउंड’ हे नाव पसरले. २००५ मध्ये भारतीय टपाल खात्याने देशी कुत्र्यांवर तिकिटे काढली, त्यात मुधोळ होता. भारतीय सैन्यानेही मेरठच्या केंद्रात या जातीला प्रशिक्षण दिले.

हा कुत्रा नाकापेक्षा डोळ्यांनी शिकार करतो. दूरवर काही हलले की त्याचे सगळे अंग ताठ होते आणि मालकाने त्याला हाकेची सवय लावलेली नसेल तर तो दिसेनासा होईपर्यंत धावतो. स्वभावाने अलिप्त, परक्याने हात लावलेला न आवडणारा. फ्लॅटमध्ये साखळीला बांधून ठेवायचा हा प्राणी नव्हे.

‘शिकवलेला’ म्हणजे काय?

सूरह अल-माइदाच्या चौथ्या आयतीत शिकारी जनावरांनी पकडलेले सावज खाण्याची परवानगी आहे. पण ती परवानगी शिकवलेल्या जनावरापुरती आहे, त्याने तुमच्यासाठी धरून ठेवलेल्या सावजापुरती आहे आणि त्यावर अल्लाहचे नाव घेण्याची आज्ञा सोबत आहे.

हजरत अदी बिन हातिम (रजि.) स्वतः शिकारी होते. त्यांनी याबाबत प्रेषित मुहम्मद (स.) यांना विचारले. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आलेल्या उत्तराचा आशय असा : शिकवलेला कुत्रा अल्लाहचे नाव घेऊन सोडला आणि त्याने तुमच्यासाठी सावज धरले तर खा. त्याने त्यातले खाल्ले असेल तर खाऊ नका, कारण ते त्याने स्वतःसाठी पकडले. तुमच्या कुत्र्यासोबत दुसरा कुत्रा आढळला तरी खाऊ नका, कारण नाव तुम्ही तुमच्या कुत्र्यावर घेतले होते, दुसऱ्यावर नाही. सावज जिवंत हाती आले तर जबह करणे आवश्यक आहे.

हनफी फिकहमध्ये कुत्रा शिकला हे कसे ओळखावे, याचीही खूण दिली आहे : सावज पकडूनही तीन वेळा त्याने न खाता सोडले पाहिजे. सावजाला जखम झालेली असावी, नुसते दडपून किंवा आपटून मेलेले नसावे, अशीही अट हनफी आलिमांनी सांगितली आहे.

सशाबद्दल तर स्वतंत्र हदीस आहे. हजरत अनस (रजि.) सांगतात की मर्र-अज-जहरान येथे लोकांनी एक ससा उठवला, त्याच्यामागे धावून सगळे दमले, शेवटी तो अनस यांच्या हाती लागला. हजरत अबू तलहा (रजि.) यांनी तो जबह केला, त्याचा मागचा भाग प्रेषितांकडे पाठवला आणि प्रेषितांनी तो स्वीकारला. चारही सुन्नी फिकहांत ससा हलाल मानला जातो. शिया फिकहात तो वर्ज्य आहे.

म्हणजे ‘कुत्र्याचे तोंड लागले की संपले’ हे म्हणणे अपुरे आहे, आणि ‘परवानगी आहे’ हेही अपुरे आहे. पाच-सहा कुत्री एकदम सोडायची, कोणते कोणाचे ते ठाऊक नाही, सावज अर्धे फाडलेले आणि हे सगळे मोबाइलवर टिपणे चाललेले : यात शिकवलेला कुत्रा कुठे आहे? शरीअतने शिकारीत मागितलेली पहिली गोष्ट आवर आहे. आधी कुत्र्याचा, आणि त्याआधी तो सोडणाऱ्याचा.

आणखी एक गोष्ट. कुत्र्याला ‘धार लावण्यासाठी’ बाजारातला पाळीव ससा आणून मोकळ्या मैदानात त्याच्यापुढे सोडण्याचा प्रकार काही जण करतात. काही तरुणांनी एक पक्षी बांधून त्यावर नेम धरला होता, तेव्हा हजरत इब्ने उमर (रजि.) यांनी त्यांना सुनावले की सजीवाला निशाणा बनवणाऱ्यावर प्रेषितांनी लानत केली आहे. पिंजऱ्यात वाढलेल्या, पळता न येणाऱ्या सशाला कुत्र्यापुढे टाकणे यापेक्षा वेगळे कसे म्हणावे?

कायद्याची रेघ

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यातली शिकारीची व्याख्या मारण्यापुरती नाही. पकडणे, कुत्रे मागे लावून पाठलाग करणे, फासे किंवा सापळे लावणे, हाका करणे, आमिष दाखवणे आणि यांपैकी कशाचाही प्रयत्न करणे, हे सगळे शिकारच आहे. ससा हाती लागला नाही म्हणून गुन्हा झाला नाही, असे होत नाही.

भारतीय रानससा पूर्वी या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत होता. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर तो दुसऱ्या अनुसूचीत आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिकार अभयारण्यात झाली तर कैद किमान तीन वर्षे आणि सात वर्षांपर्यंत. बोरच्या सीमेलगतच्या गावांतल्या मुलांना हे नीट समजावून सांगितले पाहिजे, कारण कुत्रा धावत सुटला की अभयारण्याची हद्द त्याला कळत नाही. शिकारीला वापरलेली मोटारसायकलही जप्त होऊ शकते. आणि हौसेने काढलेला व्हिडिओ वनविभागाच्या हाती आयता पुरावा देतो.

इथे काही जण विचारतात की शरीअतने हलाल केलेल्या गोष्टीला कायदा कसा अडवू शकतो? शिकार मुबाह आहे, फर्ज नाही. मुबाह गोष्ट सोडल्याने कोणी गुनाहगार होत नाही. पण एका सशासाठी तरुण मुलगा तुरुंगात जाणे, वकिलाच्या फीसाठी अम्मीच्या बांगड्या मोडणे, पोलीस पडताळणीत नोकरी हुकणे, हे सगळे घरावर येते. जिथे पोट भरायला दुसरा हलाल मार्ग आहे, तिथे ही जोखीम घेण्याचे कारण काय?

दारावर आलेला ससा

शिकार करणे एक, विकत घेणे दुसरे. पण रानससा किंवा रानातला तित्तर विकत घेणाराही कायद्याने दोषी ठरतो. हे पुष्कळ घरांना ठाऊक नसते.

विदर्भात फासेपारधी समाजाचे नावच त्यांच्या फाशांवरून पडले. वर्धा जिल्हा तेव्हाच्या मध्य प्रांतात होता. त्या प्रांतातल्या जातीजमातींवर रसेल आणि हिरालाल यांचा ग्रंथ १९१६ मध्ये निघाला. त्यात फासे लावणारे पारधी, जाती टाकवून देणारे टाकणकर, पाळलेला चित्ता घेऊन शिकार करणारे पारधी अशी वेगवेगळी नोंद आहे. पायाच्या ठशावरून जनावर कधी गेले हे सांगणारी, पक्ष्याचा हुबेहूब आवाज काढणारी ही माणसे. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी अशा कितीतरी जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले. १९५२ मध्ये तो शिक्का कागदावरून पुसला गेला; लोकांच्या नजरेतून तो अजून पुरता गेलेला नाही. १९७२ नंतर त्यांचा पिढीजात धंदाही बंद झाला.

अशा घरातला माणूस गरजेपोटी एखादा ससा घेऊन दारावर येतो, आपण शे-दोनशे रुपये देऊन तो घेतो. पकडला जातो तो, आणि ज्याच्या ताटासाठी त्याने फासा लावला तो सुखाने जेवतो. हा व्यवहार स्वस्त वाटला तरी त्याची खरी किंमत दुसरा मोजतो. सशाचे मांस हवेच असेल तर पाळीव सशाचे, लाव्याची आवड असेल तर फार्मवरच्या जपानी लाव्याचे मांस जबह करून खाता येते.

या समाजाला मदत करायची तर रस्ता दुसरा आहे. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात, नांदगाव खंडेश्वर तालुक्यातल्या मंगरूळ चव्हाळा येथे फासेपारधी मुलांसाठी ‘प्रश्नचिन्ह’ नावाची शाळा चालते. जकात आणि सदका यांचे नियम आपापल्या आलिमांना विचारून, अशा मुलांच्या वह्या-पुस्तकांचा विचार आपल्या वस्तीत जरूर व्हावा. दारावर येणाऱ्या माणसाला सशाऐवजी शेतावरचे काम देणे तर आजही आपल्या हातात आहे.

कुत्रा ठेवायचा असेल तर

शिकार, जनावरांची राखण आणि शेताची राखण यांसाठी कुत्रा ठेवण्याची मुभा हदीसमध्ये आहे. विनाकारण ठेवणाऱ्याचे पुण्य रोज घटते, असेही सांगितले आहे. वर्ध्याच्या शेतकऱ्याला राखणीची गरज किती, हे सांगायला नको. रोही आणि रानडुकरांपासून हरभरा वाचवायला रात्रीची जागल करावी लागते. कुंपणात जिवंत वीज सोडणारे लोक वाघापासून शेजाऱ्याच्या मुलापर्यंत कोणाचाही जीव घेतात. त्यापेक्षा मचाणाखाली लांब दोरीला बांधलेली दोन कुत्री बरी. भुंकून सावध करायला साधा गावठी कुत्रा कारवानीपेक्षा सरस ठरतो. कुत्र्याने धुऱ्याच्या आतून भुंकावे, रानात पाठलाग करू नये. पिकाचे नुकसान झाले तर भरपाईसाठी वनविभागाकडे अर्ज करता येतो.

कारवानी घरी आलाच असेल तर त्याला धावायला मोकळी जागा द्या. इंग्लंडच्या खाणकामगारांनी एक जुनी युक्ती केली होती : मालक मैदानाच्या टोकाला उभा राहून चिंधी हलवायचा आणि व्हिपेट त्या चिंधीकडे सुसाट यायचे. कोणाचा जीव जात नसे, पैज मात्र लागे. पैज सोडून बाकी सगळे आपल्याला घेता येईल. दोरीला बांधलेली चिंधी चाकावर गुंडाळत ओढली की कारवानी तिच्यामागे जीव तोडून धावतो आणि त्याची हौस फिटते. मात्र त्याआधी हाकेला परत येणे पक्के करून घ्या. रोज, थोडा वेळ, खाऊ देऊन.

विदर्भाच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. धावणे पहाटेच उरकावे. जोरात धाप, लाळ गळणे, पाय लटपटणे ही उष्माघाताची लक्षणे. लगेच सावलीत नेऊन अंगावर पाणी टाका आणि पशुवैद्यकाला गाठा. रेबीजची लस वयाच्या तिसऱ्या महिन्यात आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी दरवर्षी. डिस्टेंपर आणि पार्व्होची लस त्याआधीच सुरू करावी लागते. हे रोग गावातल्या कुत्र्यांकडून रानातल्या कोल्ह्या-बिबट्यांपर्यंत पोहोचतात. कुत्रा चावला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जावे; हळद-चुना भरत बसू नये.

कुत्र्याने चाटलेले भांडे सात वेळा, त्यात एकदा मातीने, धुण्याची हदीस आहे. हनफी आलिमांच्या मते तीन वेळा धुणे पुरेसे, सात वेळा अधिक चांगले. त्याची जागा घराबाहेर, भांडे वेगळे आणि नमाजचे कपडे सांभाळून ठेवले तर अडचण राहत नाही. मात्र बाहेर बांधलेल्या त्या मुक्या जनावराचे पाणी दुपारी तपासायला विसरू नका. तहानलेल्या कुत्र्याला विहिरीतून मोज्यात पाणी भरून पाजणाऱ्याला अल्लाहने माफ केले, ही हदीस आपण मुलांना सांगतोच.

मुलगा कुत्रा घेऊन शेताकडे निघाला तर त्याला अडवण्याआधी एक प्रश्न विचारा : ससा समोरून उठला आणि तू हाक मारलीस, तर हा थांबेल का? तो ‘नाही’ म्हणाला, तर कुत्रा अजून शिकलेला नाही. तो ‘हो’ म्हणाला, तर त्याला सांगा, मग मार हाक. ससा जाऊ दे.